टायरवरची अक्षरे



तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. एस.टी.ची पाटी तुम्ही वाचता. खताच्या पोत्यावरचे नाव वाचता. काट्यावरच्या पावतीचे आकडे जुळवून पाहता. फार चांगली गोष्ट झाली. आज आपण एक वेगळीच वस्तू वाचायला शिकू. ती कागदाची नाही, रबराची आहे. ती गोल आहे, काळी आहे, आणि आपल्या दारात उभी आहे. ती वस्तू म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, टायर काय वाचायचा? टायर फिरवायचा असतो." मलाही तसेच वाटत होते. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, पण टायरवर इतके लिहिलेले असते हे मला ठाऊक नव्हते. ते मला कसे कळले, ती हकीकत आधी सांगतो.

१. एका रात्रीची गोष्ट

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. उसाचा हंगाम भरात होता. माझा एक जुना विद्यार्थी कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरवर ऊस वाहत होता. पोरगा कष्टाळू. वडील लवकर गेले म्हणून चौथीनंतर त्याची शाळा सुटली. ट्रॉलीचे दोन टायर झिजले, तेव्हा त्याने तालुक्याच्या गावी जाऊन दोन जुने टायर आणले. टायर दिसायला काळेभोर, चकचकीत. नक्षीही खोल. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाले म्हणून स्वारी खूष होती.

तिसऱ्या दिवशी रात्री फडावरून भरलेली ट्रॉली निघाली. वर मोळ्यांवर तोडणी टोळीतली माणसे बसली होती. त्यांत एक सात-आठ वर्षांची पोर आईच्या मांडीवर झोपलेली. ओढ्याच्या उतारावर मोठा आवाज झाला. डावीकडचा टायर फुटला. ट्रॉली एका अंगाला कलली आणि ऊस घेऊन शेतात पडली. देवाची दया, की खाली नांगरलेली मऊ जमीन होती. जीव कुणाचा गेला नाही. पण त्या पोरीचा पाय मोडला. दोन महिने तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. आई तिच्याजवळ बसून राहिली, तिची मजुरी बुडाली. पोरगा दवाखान्याचे बिल भरता भरता हप्त्याला चुकला.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, तो टायर वरून तर चांगला होता. मग फुटला कसा?" आम्ही दोघे गेलो. फाटलेला टायर उकिरड्याजवळ पडला होता. मी चष्मा लावला आणि ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली. तिथे एका लांबट चौकटीत चार आकडे होते : ११०८.

याचा अर्थ मला तरी कुठे कळत होता? शेवटी गावातल्या पंक्चरवाल्याला विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, हा २००८ सालातला अकरावा आठवडा." म्हणजे टायर जवळजवळ चौदा वर्षांचा म्हातारा! त्याला नुसते काळे पॉलिश लावले होते.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, आकडे मला येत होते. कुठे वाचायचे ते कुणी सांगितले नव्हते."

ते वाक्य माझ्या मनाला लागले. म्हणून हा धडा लिहिला.

२. चाकाची थोडी हकीकत

आपल्या आजोबांच्या वेळी गाडीला लाकडी चाक असे. त्याला तुंबा, आरे, आणि वर लोखंडाची धाव. धाव सैल झाली की लोहार ती तापवून बसवी. चाक खडखडे, रस्ता उखडे आणि बैलाच्या मानेला हिसके बसत.

रबर हा झाडाचा चीक आहे. आपल्या देशात तो मुख्यतः केरळात निघतो. नुसता चीक उन्हाने चिकट होतो, थंडीने कडक होतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने शोधून काढले, की रबरात गंधक घालून ते तापवले तर ते टिकाऊ आणि लवचिक होते. पुढे रबरात काजळी मिसळू लागले. काजळीमुळे रबर झिजायला चिवट होते. टायर काळा असतो तो त्यामुळे.

१८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाच्या गृहस्थाने हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदवला. हा डनलॉप कोण होता? गुरांचा डॉक्टर. त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची रबरी नळी चाकावर बसवली. सायकल हलकी चालू लागली. त्यातूनच पुढे मोटारीचे, ट्रॅक्टरचे आणि आपल्या बैलगाडीचेही रबरी चाक आले.

यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. ट्रॉलीचे ओझे रबर उचलत नाही. ओझे उचलते ती आतली हवा. टायर हे त्या हवेचे पोते आहे. पोते मजबूत पाहिजे आणि हवा पुरेशी पाहिजे. दोहोंपैकी एक कमी पडले, की घात झालाच म्हणून समजा.

३. टायर फुटतो का?

एक लोखंडी तार घ्या. ती एकाच जागी भराभर वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. थोड्या वेळाने तिथे बोट लावा. तार गरम लागेल. आणखी वाकवली तर तुटेल.

टायरचेही तसेच होते. ट्रॉलीचे चाक जमिनीला टेकते तिथे टायर चपटा होतो. वर गेला की पुन्हा गोल होतो. दर फेऱ्याला एकदा वाकायचे, एकदा सरळ व्हायचे. ट्रॉलीचे नेहमीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेतीनशे फेरे घेते. कारखाना वीस किलोमीटर दूर असेल, तर एका खेपेत सात हजार वेळा टायर वाकला!

हवा बरोबर असेल तर टायर थोडा वाकतो. हवा कमी असेल तर फार वाकतो. ओझे जास्त झाले तरी फार वाकतो. फार वाकला की फार तापतो. टायरच्या आत सुताचे थर रबराने एकमेकांना चिकटवलेले असतात. उष्णतेने ते थर सुटू लागतात. वरून काही दिसत नाही. एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतो आणि आपण म्हणतो, "नशीब फुटले." नशिबाचा दोष नाही हो. टायर कितीतरी दिवस आधीपासून आतून मरत होता.

म्हणून चार शत्रू ओळखून ठेवा : कमी हवा, जादा ओझे, जादा वेग, आणि म्हातारपण.

४. टायर वाचावा कसा?

आता ओले फडके घ्या आणि टायरची बाजू पुसा. माती गेली की उठावाची अक्षरे दिसतील. अक्षरे इंग्रजी असतात, आकडेही इंग्रजी असतात. भिऊ नका. नोटेवर, मोबाइलवर आणि गाडीच्या नंबरावर असतात तेच आकडे. अजून येत नसतील तर घरातल्या शाळकरी पोराला जवळ बसवा. त्यात कमीपणा नाही. मी साठी उलटल्यावर पंक्चरवाल्याकडून शिकलो.

पहिला आकडा : माप. ट्रॉलीच्या टायरवर पुष्कळदा ९.००-१६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, नऊ इंच. दुसरा आकडा डिस्कचा व्यास, सोळा इंच. डिस्क सोळाची असेल तर टायरही सोळाचाच पाहिजे. अर्ध्या इंचाचाही फरक चालत नाही.

दुसरा आकडा : थरांची ताकद. १६ पी.आर., १४ पी.आर. असे लिहिलेले असते. पूर्वी टायरात सुती कापडाचे जितके थर, तितका हा आकडा असे. आता धागा नायलॉनचा आला. थोड्या थरांत जास्त ताकद मिळते. म्हणून १६ म्हणजे सोळा थर मोजून असतातच असे नाही. सोळा थरांइतकी ताकद, असा त्याचा अर्थ. आकडा मोठा तर पोते मजबूत. जुना टायर १६ चा असेल तर त्या जागी १२ चा स्वस्त टायर घालू नये.

तिसरा आकडा : ओझे. काही टायरांवर सरळ किलोत लिहिलेले असते, की या टायरवर जास्तीत जास्त इतके किलो, आणि त्यासाठी हवा इतकी पौंड. काही टायरांवर त्याऐवजी ओझ्याचा अंक असतो. तो किलो नव्हे, खुणेचा अंक आहे. उदाहरणार्थ :

१२० म्हणजे १,४०० किलो
१३० म्हणजे १,९०० किलो
१३३ म्हणजे २,०६० किलो
१३६ म्हणजे २,२४० किलो
१४० म्हणजे २,५०० किलो

हे ओझे एका टायरचे, बरं का. सगळ्या ट्रॉलीचे नव्हे.

चौथी खूण : वेग. ओझ्याच्या अंकाशेजारी एक अक्षर असते. ए८ असेल तर तो टायर ताशी ४० किलोमीटरसाठी आहे. बी असेल तर ५० साठी. शेतीच्या टायरांवर ही अक्षरे असतात. रिकामी ट्रॉली घेऊन काही तरुण मंडळी गाणी लावून सुसाट सुटतात. टायरवर ४० लिहिले असेल तर त्याने ४० चाच करार केलेला आहे. करार आपण मोडला तर तोही मोडतो.

पाचवा आकडा : जन्मतारीख. हाच तो माझ्या विद्यार्थ्याच्या टायरवरचा आकडा. लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. वर्षाचे आठवडे ५२. तेव्हा ४५२१ याचा अर्थ २०२१ सालचा पंचेचाळिसावा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर महिना. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली असेल तर वाकून, बॅटरी लावून पाहावे. चाराऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्याचा झोका करा, पण ट्रॉलीला लावू नका.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन आणि हवा त्याला खातात. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षे झाली की नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाकावा.

५. एक हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. काट्यावर मिळालेली पावती समोर ठेवा. तिच्यावर उसाचे निव्वळ वजन असते.

समजा, रिकाम्या ट्रॉलीचे वजन २,००० किलो. ऊस भरला ६,००० किलो. दोन्ही मिळून झाले ८,००० किलो. ट्रॉलीला चाके ४. आठ हजाराला चाराने भागा. एका चाकावर २,००० किलो.

आता दुकानात तीन टायर आहेत. एकावर १३०, दुसऱ्यावर १३३, तिसऱ्यावर १३६. कोणता घ्याल?

१३० म्हणजे १,९०० किलो. तो कमी पडला. १३३ म्हणजे २,०६० किलो. कागदावर पुरला. पण रस्ता कागदासारखा सपाट नसतो. मोळ्या एका बाजूला जास्त पडतात. वळणावर ओझे बाहेरच्या चाकांवर जाते. खड्ड्यात एकाच चाकाला सगळा हिसका बसतो. म्हणून हातचे राखून १३६ चा घ्यावा. आपण घरात पाहुणे दहा म्हणून दहाच भाकरी थापतो का? दोन जास्तच थापतो. तसेच हे.

आणि ऊस ६,००० ऐवजी ९,००० भरला तर? ११,००० भागिले ४, म्हणजे एका चाकावर २,७५० किलो. तिन्ही टायर नापास. "एक खेप वाचते" म्हणून जादा भरणारा माणूस डिझेल वाचवतो आणि टायर जाळतो.

६. टायर घेताना

ट्रॉलीला इंजिन नसते. तिचे चाक नुसते मागून ओढले जाते. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखे उंच दात तिला लागत नाहीत. तिला लागते ओझे पेलण्याची ताकद. तेव्हा ट्रॉलीसाठी केलेला टायरच मागावा. कारचा किंवा जीपचा टायर माप जुळले म्हणून लावू नये.

एकाच आसावर दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे टायर असावेत. लंगड्या आणि धडधाकट बैलांची जोडी जशी नांगराला चालत नाही, तसे हे आहे. जिथे एका बाजूला दोन-दोन चाके जोडून असतात, तिथे तर दोन्हींची उंची सारखीच पाहिजे. नाहीतर उंच टायर एकटाच सगळे ओझे घेतो आणि लवकर मरतो.

जुना टायर घ्यायची वेळ गरिबावर येते. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण घेताना या पाच गोष्टी पाहा :

१) जन्मतारीख वाचा. वाचता येऊ नये म्हणून ती खरवडलेली असेल तर तसेच उठून या.
२) टायरची बाजू अंगठ्याने दाबून वाकवा. वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा दिसल्या तर घेऊ नका.
३) बाजूवर हात फिरवा. कुठे फुगवटा लागला तर आतले थर सुटले आहेत.
४) आतून पाहा. आतल्या बाजूला ठिगळ, चीर किंवा सुटे धागे नसावेत. बाजूला चीर पडलेला टायर ठिगळाने बरा होत नाही.
५) नक्षी खरी आहे का ते पाहा. गुळगुळीत टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरून विकतात. खाचेच्या तळाशी धागा दिसला तर ती लबाडी समजा. तिथे रबर उरलेलेच नसते.

आणि टायरवरची चकाकी पाहून भुलू नका. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

७. हवा

आपल्याकडे हवा भरताना दोन पद्धती आहेत. एक, लाथ मारून पाहणे. दुसरी, काठीने ठोकून आवाज ऐकणे. पूर्ण बसलेला टायर काठीने कळतो. पण वीस पौंड कमी असलेली हवा काठीला कळत नाही, आणि टायरला तेवढीच पुरते. म्हणून हवा मोजायचे गेज घ्यावे. खिशात मावते. सगळ्या हंगामाला एक पुरते.

किती हवा भरावी? टायरवर त्या ओझ्यासाठी जितके पौंड लिहिले असेल तितकी. शेजाऱ्याने ट्रॉलीत किती भरली ते विचारू नये. त्याचा टायर वेगळा, त्याचे ओझे वेगळे.

हवा सकाळी मोजावी, खेप सुरू होण्याआधी. तेव्हा टायर थंड असतो. चालून आलेला टायर तापतो, आणि तापलेल्या हवेचा दाब वाढतो. काही चालक कारखान्याच्या रांगेत उभे राहून म्हणतात, "हवा जास्त झाली," आणि काढून टाकतात. ही मोठी चूक आहे. टायर थंड झाला की हवा कमी पडते. मग पुढच्या खेपेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. गरम टायरची हवा कधीही काढू नये.

हंगामात निदान आठवड्यातून एकदा गेज लावावे. एकाच टायरची हवा पुन:पुन्हा कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडा. बुडबुडे आले तर पिन बदला. व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नका. टोपी एवढीशी असते, पण पिनमध्ये माती जाऊ देत नाही.

८. झीज काय सांगते?

वैद्य जीभ पाहून रोग ओळखतो. तशी टायरची झीज पाहून चूक ओळखता येते.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत : हवा कमी, किंवा ओझे जादा.
मध्य झिजला आणि कडा शाबूत : हवा जास्त.
एकच कड झिजली : आस वाकला आहे किंवा चाक तिरके आहे. मिस्त्रीला दाखवा.
जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज : बेअरिंग ढिले, किंवा चाक डुगडुगते आहे.

पुष्कळ टायरांत नक्षीच्या खाचेत, तळाशी, आडवे छोटे उंचवटे असतात. झिजता झिजता नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायरचे आयुष्य संपले.

खेपेहून आल्यावर एकदा ट्रॉलीभोवती फिरा. नक्षीत अडकलेले खडे काढा. खिळा किंवा तार रुतली आहे का पाहा. चाकाच्या मध्याजवळ हाताची पाठ न्या. एकाच चाकाचा मध्य कढत लागला तर बेअरिंगमधले ग्रीस संपले असेल. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. बैलाच्या पायाचा काटा काढायला आपण तेवढा वेळ देतच होतो.

९. रस्त्यात चाक बदलताना

टायर बसला तर ट्रॉली शक्य तितकी रस्त्याच्या कडेला, सपाट जागी घ्या. आधी मागे खूण करा. अंधार असेल तर लांबून दिसेल असा लाल दिवा किंवा लाल चमकणारी पाटी मागे ठेवा. उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकून कितीतरी घरांतले कर्ते मुलगे गेले आहेत. टायर फुटला तो आपला तोटा. त्यापायी दुसऱ्याचे घर बुडू नये.

दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा. जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर जॅक मातीत रुततो. भरलेली ट्रॉली जड असेल तर आधी ऊस उतरवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कधीही शिरू नये.

नट घट्ट करताना ओळीने करू नका. एक नट, मग त्याच्या समोरचा, अशा रीतीने करा. म्हणजे चाक सरळ बसते. पहिली खेप झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने पाहा. नवे बसवलेले चाक थोडे चालले की नट सैल पडू शकतात.

काही डिस्कना वेगळी लोखंडी कडी असते. अशा चाकाला हात लावण्याआधी सगळी हवा काढून टाका. हवा भरताना कडी नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. हे काम घरी करू नये. ज्याच्याकडे जाळीचा पिंजरा आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

आणि जाताना उटीचे दगड रस्त्यातून उचला. आपण दगड टाकून निघून जातो आणि मागून येणारा सायकलवाला त्यावर पडतो. एवढी आठवण ठेवाच.

१०. हंगाम संपल्यावर

मार्च-एप्रिलच्या सुमारास कारखान्याचा भोंगा थांबतो. मग ट्रॉली बांधावर तशीच सोडून देतो. सहा महिने ऊन, पाऊस, आणि एकाच जागी दबलेला टायर. दसरा-दिवाळीनंतर ती पुन्हा बाहेर काढली, की पहिल्याच आठवड्यात टायर जातो. मग आपण म्हणतो, "टायरच्या कंपन्या आता पूर्वीसारखा माल देत नाहीत."

त्याऐवजी असे करा. ट्रॉली सावलीत घ्या. आसाखाली लाकडी ओंडके ठेवून चाके जमिनीपासून उचला. ते जमले नाही तर हवा पुरेशी ठेवा आणि महिन्यातून एकदा ट्रॉली थोडी पुढेमागे करा. टायरवर जुने पोते किंवा ताडपत्री झाका. डिझेल, जळके ऑइल, ग्रीस टायरला लागू देऊ नका. चमक यावी म्हणून काही जण जळके ऑइल टायरला पुसतात. त्याने रबर मऊ पडून सडते. साधे साबणाचे पाणी पुरेसे आहे.

११. शेवटी

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या हंगामाला दोन नवे टायर घेतले. दुकानात त्याने खिशातून फडके काढले, टायरची बाजू पुसली आणि बोट ठेवून चार आकडे वाचले. दुकानदार म्हणाला, "काय पाहता, दादा?" हा म्हणाला, "वय पाहतो."

आता त्याच्या ट्रॉलीवर मोळ्यांवर कुणी बसत नाही. टोळीतल्या बायका-पोरांना तो वेगळ्या गाडीने पाठवतो. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे तो आता दुसऱ्यांनाही सांगतो. ती पोर लंगडत का होईना, पण चालू लागली. तिचा बाप मला भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, तिला शाळेत घालायचे आहे. आमच्यासंगं फडावर आता नेत नाही."

मी म्हटले, "घाला. आणि तिच्याकडून तुम्हीही शिका."

वाचकहो, अक्षर कुठेही असो, पुस्तकात असो, औषधाच्या बाटलीवर असो, नाहीतर टायरवर असो, ते कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगण्यासाठी लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ध्यानात ठेवा

१. ओझे हवा उचलते. हवा कमी तर टायर तापतो.
२. माप, ताकद, ओझे, वेग आणि जन्मतारीख, या पाच गोष्टी टायरवर वाचा.
३. हवा सकाळी, थंड टायरात, गेजने मोजा.
४. गरम टायरची हवा काढू नका.
५. दहा वर्षांचा टायर वापरू नका.
६. थांबलेल्या ट्रॉलीमागे दिवा. निघताना रस्त्यातले दगड उचला.

प्रश्न

१. टायरवर २३२४ असे आकडे आहेत. तो कोणत्या साली, कितव्या आठवड्यात तयार झाला?
२. रिकामी ट्रॉली १,८०० किलो. ऊस ५,४०० किलो. चाके ४. एका चाकावर किती ओझे? १३० अंकाचा टायर चालेल का?
३. तुमच्या टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आहेत. चूक कोणती?
४. आज घरी जाऊन एका टायरची बाजू पुसा. त्यावरचे पाच आकडे वहीत उतरवून आणा. ट्रॉली नसेल तर शेजाऱ्याच्या ट्रॉलीचे आणा, आणि काय वाचले ते त्यालाही सांगा.

शब्दांचे अर्थ

आस : दोन चाकांना जोडणारा दांडा
उटी : चाक घरंगळू नये म्हणून लावलेला दगड
निव्वळ : गाडीचे वजन वजा करून उरलेले
व्यास : गोल वस्तूची मधून मोजलेली रुंदी
शाबूत : न झिजलेले, धड
गाळप हंगाम : कारखान्यात ऊस गाळण्याचे महिने